फळ्यावरचा खोटा बाण

मी एक जुना पत्रा आहे, मित्रांनो. चाकणच्या एका कारखान्यात गाड्यांचे दरवाजे कापून उरलेला तुकडा. भंगारातच जायचो, पण श्रीपाद सरांच्या नजरेस पडलो. त्यांनी मला हिरवा रंग दिला, पांढऱ्या रेघांनी मैदान आखलं आणि लोहचुंबकाच्या लाल चकत्या चिकटवल्या. तेव्हापासून मी पिंपरीतल्या एका कॉलेजच्या मुलींच्या फुटबॉल संघाचा फळा झालो. खोटं कशाला सांगू, तेव्हा मला फार मिरवावंसं वाटायचं.

सरांचा डाव एकच. चेंडू उजवीकडे रश्मीला द्यायचा, तिने तो गोलसमोर उंच टाकायचा आणि कर्णधार ऋताने डोक्याने मारायचा. तोच बाण काढून आणि पुसून माझा तिथला रंग उडाला. समोरच्या संघांनाही तो डाव पाठ झाला होता. हरून आलं की सर पुन्हा मार्कर घ्यायचे आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

एकदा डावीकडून खेळणारी दीक्षा म्हणाली, "सर, सगळ्या रश्मीलाच धरतात. माझ्याकडे कुणी बघत पण नाही. बॉल इकडे टाकून बघा ना."

सरांना पटलं. त्यांनी दीक्षाच्या चकतीकडे मोठा बाण काढला. सुरुवातीच्या सामन्यांत तिने गोल केले आणि तिचं नाव इतर कॉलेजांतही पोचलं. फायनल बघायला तिचे वडील सयाजी येणार होते. लेकीचा खेळ त्यांनी कधी पाहिला नव्हता, म्हणून कंपनीत शिफ्ट बदलून घेतली होती.

आदल्या संध्याकाळी दीक्षा बस पकडायला गेली आणि सरांनी तिचा बाण पुसला. "आता सगळ्या हिलाच धरणार. तिला पळू द्या, बॉल मधून ऋताला द्या."

"दीक्षाला सांगायचं ना, सर?" रश्मीने विचारलं.

"नको. माहीत असलं तर ती मनापासून धावणार नाही."

रश्मीने बॅग उचलली आणि बाकीच्याही घरी निघाल्या. सकाळी ती यायच्या आत सरांनी तो बाण पुन्हा होता तसा काढून ठेवला. केसाने गळा कापला पोरीचा, आणि तोही माझ्या अंगावर. मला अजून त्याचा राग येतो.

देहूरोडजवळच्या मैदानावर मला कडेला टेकवून ठेवलं होतं. दीक्षा जीव तोडून धावली. दर वेळी हात वर करून चेंडू मागत होती. तिच्यामागे दोघी-तिघी लागल्या, मधलं रान मोकळं झालं आणि ऋताने गोल केला. आम्ही जिंकलो. दीक्षाच्या वाट्याला चेंडू आलाच नाही.

"गोल तुझ्यामुळेच झाला," म्हणत सरांनी तिला सगळा डाव उलगडून सांगितला.

"मग मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर अशी धावली असतीस?"

"धावले असते, सर. विचारायचं तरी."

तिकडे कप घेऊन फोटो चालले होते. सयाजींनी लेकीला माझ्याजवळ बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "तुझं ह्या पोरींसंगं भांडण हाय का गं? कुणीच बॉल देईना तुला."

दीक्षाने बुटाची नाडी उगाच सोडून पुन्हा बांधली. "नाही, बाबा. आमचं तसंच ठरलं होतं."

आता सरांनी नवा फळा आणलाय आणि मी खोलीत भिंतीकडे तोंड करून उभा आहे. मला पुसा, जपा, असं म्हणायला मी बसलेलो नाही, मित्रांनो. डाव खुशाल बदला, बदलायलाच हवा. पण ज्याला पळवणार असाल, त्याला आधी सांगा. बापाशी खोटं बोलताना त्या पोरीचा चेहरा मी जवळून पाहिला आहे.