तीन तुझे, तीन माझे

गॅरेजातला एकुलता एक पंखा कोणाकडे तोंड करून ठेवायचा यावरून थोरल्याचं आणि धाकट्याचं बोलणं बंद झालं, आणि नेमका तेव्हाच तो जुना पेट्रोलचा ट्रक कामाला आला. सहा सिलिंडरचं इंजिन पार मोकळं करून नव्याने बांधायचं होतं. पुढचे तीन सिलिंडर थोरल्याने घेतले, मागचे तीन धाकट्याने. बापाचं घर वाटून घेतानासुद्धा माणसं इतकी चोख वाटणी करत नाहीत.

निरोपांचं काम थोरल्याच्या बायकोकडे होतं. धाकटा अगदी शेजारी उभा असला तरी थोरला तिला सांगे, पाना द्यायला सांग त्याला. ती मान वळवून तेच पुन्हा म्हणे. दिवसभर मान वळवून तिची मान धरायची.

बांधून झालेलं इंजिन सुरू झालं ते खोकतच. थोरल्याचं डोकं फिरलं आणि रागाच्या भरात त्याने पैज लावली: ज्याच्या सिलिंडरचा ठिणगीचा प्लग काळा निघेल, म्हणजे ज्याच्यात पेट्रोल धड जळत नसेल, त्याने गॅरेज सोडून जायचं. धाकट्याने पैज कबूल केली, वहिनीकडे बघून.

शब्द तोंडातून गेला आणि मग थोरल्याने हिशेब केला. हरलो तर गॅरेज जातं, जिंकलो तर भाऊ जातो. त्या भावाला हातात पाना धरायला त्यानेच शिकवलं होतं. पण पैज मागे घ्यायची तर आधी बोलायला हवं, आणि बोलणं तर बंद होतं.

प्लग काढले. पहिला-दुसरा छान बिस्किटी रंगाचे, पाचवा-सहावाही तसेच. तिसरा आणि चौथा मात्र तव्याच्या बुडासारखे काळे आणि वर पेट्रोलने ओले. तिसरा थोरल्याचा, चौथा धाकट्याचा.

हे काही पैजेत बसेना. मग दोघांनी खापर प्लगांवर फोडलं. काळे प्लग घासूनपुसून कडेच्या सिलिंडरना लावले, कडेचे चांगले मध्ये आणले आणि इंजिन चालवलं. पुन्हा मधलेच दोन काळे. शेवटी प्रत्येकाने आपापल्या तीन सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजलं. पत्ते लपवावेत तसा गेज छातीशी धरून मोजलं, आणि आकडे फक्त थोरल्याच्या बायकोला दाखवले.

"तुमचा तिसरा आणि भाऊजींचा चौथा," ती म्हणाली, "दोघांचंही सारखंच कमी आहे. बाकीचे चार ठणठणीत."

थोरल्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरचा दाब असा सारखाच कमी भरला, की वरच्या झाकणाखालची, दाब अडवणारी गॅस्केट त्या दोघांच्या मधे गेली म्हणून समजावं. याचा दाब त्याच्यात पळतो, त्याचा याच्यात, आणि पेट्रोल कुठेच धड जळत नाही. पण कोरी करकरीत गॅस्केट जाईल कशाने? त्याने हेडच्या, म्हणजे त्या झाकणाच्या, मधल्या बोल्टांना हात लावला. दोन्ही बोल्ट नुसत्या बोटांनीच फिरले.

हेडचे बोल्ट मधून कडेकडे आवळत जायचे, हे त्या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल. हे दोघे आपापल्या टोकापासून निघाले होते आणि मधल्या दोघांशी येऊन थांबले होते.

"मधले का सोडलेस?" थोरल्याने विचारलं. बायकोने सवयीने मान वळवली, आणि मग तिच्या लक्षात आलं की प्रश्न थेट गेलाय.

"सुरुवात नेहमी तूच करतोस, दादा," धाकटा खाली बघत म्हणाला. "बोलत नसलो म्हणून मी तुझा मान घेऊ का?"

थोरल्याने सैल बोल्टांकडे बोट दाखवलं. "मी ते तुझ्यासाठी ठेवले होते. म्हटलं, या वेळी त्याला करू दे."

नवी गॅस्केट बसवली, पण पहिला बोल्ट कोणी आवळायचा यावर घोडं पुन्हा अडलं. तू आवळ, नाही तू आवळ. बायकोने पाना हिसकावून घेतला, मधले दोन्ही बोल्ट स्वतः आवळले आणि मग उरलेले त्यांना दिले.

काम संपल्यावर तिने हात पुसले.

"आता पैजेचं. काळा प्लग ज्याचा, तो बाहेर. दोघांचाही निघालाय. चला."

दोघांना वाटलं थट्टा आहे. पण इतके दिवस एका हाताच्या अंतरावर निरोप पोचवून ती विटली होती. तिने दोघांना दंडाला धरून रस्त्यावर काढलं आणि शटर अर्धं खाली ओढलं. भर उन्हात, काळ्या हातांनी, दोघे भाऊ शेजारी शेजारी उभे राहिले. शटरखालून ट्रकची फक्त चाकं दिसत होती.

आत तिने इंजिन सुरू केलं. दोघांनी एकदमच कान लावला.

"माझा चौथा कसा वाटतो?" धाकट्याने हळूच विचारलं.

"माझ्या तिसऱ्यासारखाच," थोरला म्हणाला.

मग दोघे पायरीवर बसले आणि आतून कोणी बोलावतंय का याची वाट पाहू लागले.