मिशीवर लावलेला पंखा

मलकापुरात भगवंतरावांनी सरकीच्या तेलाचा धुण्याचा साबण काढायचं ठरवलं, तेव्हा मी, निवृत्ती, त्यांच्या कापसाच्या जिनात फिटर होतो. सात वर्षं जोपासलेल्या मिशा हीच माझी इस्टेट. मोठ्या कढईत तेल आणि कॉस्टिक सोडा ढवळायला मालकांना साधी लाकडी फळी हवी होती. मी म्हटलं, फळी जुन्या जमान्यातली. बोटीला असतो तसा तीन पात्यांचा पितळी पंखा मुंबईहून मागवा. नाही चालला तर स्टेशनासमोर बसून मिशा उतरवीन, असंही हमालांदेखत बोलून बसलो.

पंखा चालला, आणि काय चालला! पातळ तेलात त्याने असा भोवरा काढला की मी धोतराचा सोगा धरून कढईभोवती दोन गिरक्या घेतल्या. मग साबण घट्ट होऊ लागला. पंख्याने मधोमध स्वतःपुरती विहीर खणली आणि तिच्यात एकटाच गरगरत बसला. कडेचा साबण जागचा हलेना. मी जिनाच्या इंजिनाचा वेग वाढवला. एक गोळा उडून छताला चिकटला, दुसरा माझ्या टोपीला. मालक शेगावला दर्शनाला गेले होते, एवढंच नशीब.

तेवढ्यात माझी बायको सोजरा भाकर घेऊन आली. तिने कढईत डोकावलं, छताकडे पाहिलं आणि तोंडात पदर कोंबून पोटभर हसली.

"ज्वारीच्या घाट्याले कोणी रवी लावते का?" ती म्हणाली. "रवी पातळ ताकाले. घट्ट झालं का ते बुडाले लागते. कढईच्या पोटाले घासून फिरन असं काही लावा, अन् हळू फिरवा."

मला भयंकर राग आला. पण साबण माझ्या रागासाठी थांबणार नव्हता. लोहाराकडून कढईच्या पोटासारखी पट्टी वाकवून आणली, पंख्याच्या जागी त्याच दांड्याला लावली आणि इंजिन मंद केलं. दिवस मावळायच्या आत साबण एकजीव झाला. आम्ही दोघं नाचायचेच बाकी होतो.

दुसऱ्या दिवशी, मालक परतायच्या आत, पट्टी काढून मी पुन्हा पंखा लावून ठेवला. उगाच, पितळ चमकतं म्हणून.

महिन्याने वड्या वाळल्या. मालकांनी पहिली वडी हातात घेतली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "निवृत्ती, तुह्या पंख्यानं लाज राखली. मिशीले तूप लाव."

हमालांनी टाळ्या वाजवल्या. सोजरा दाराशी उभी होती. ती माझ्या मिशांकडे मायेने पाहत राहिली. त्या तिलाही फार आवडायच्या. मला एकदम स्वतःची लाज वाटली.

"मालक, पंखा फसला होता," मी म्हटलं. "साबण सोजरानं जमवला."

स्टेशनासमोर न्हाव्याने त्याच वडीने माझं तोंड माखलं. ओठ चुरचुरला. गाडीतले लोक खिडक्यांतून वाकून पाहत होते, सोजरा हसून हसून जमिनीवर बसली होती, आणि मलाही हसू आवरेना म्हणून न्हावी वस्तरा उचलून सारखा ओरडत होता. फेस मात्र कानांपर्यंत आला होता.