मास्तरने न ओवलेला दोरा

मी एक जुना ब्रिज आहे, मित्रांनो. नदीवरचा नव्हे, तोंडातला. मला एका माणसावर सूड उगवायचा होता आणि तो मी उगवला. कसा, ते ऐका.

तो माणूस म्हणजे शिंपी मास्तर. दोरा दातांनी तोडायची त्याला जन्माची खोड. बायको म्हणायची, "अहो, कात्री काय शोभेला ठेवलीय?" पण ऐकेल तो मास्तर कसला! एकदा ताडपत्रीचा जाड दोरा तोडताना वरच्या सुळ्याशेजारचा दात मोडला आणि मुळासकट काढावा लागला.

दातांच्या डॉक्टरबाईंनी त्याला तीन मार्ग सांगितले. काढता-घालता येणारा दात, हाडात स्क्रू बसवून त्यावर दात, नाहीतर ब्रिज. "ब्रिजला दोन्ही शेजाऱ्यांचा आधार लागतो," त्या म्हणाल्या. "ते दात तासून त्यांच्यावर टोप्या घालायच्या आणि मधला खोटा दात टोप्यांना जोडायचा. पण एकदा तासलेला दात परत पहिल्यासारखा होत नाही, हे लक्षात ठेवा." मास्तरला काढत्या दाताची लाज आणि स्क्रूची भीती. त्याने मला निवडलं.

कारागिराने चिनीमातीचे थर चढवून मला भट्टीत भाजलं, शेजाऱ्यांचा रंग जुळवला. सुळा आणि पुढचा पटाशीचा दात, दोघांनी अंग तासून घेतलं आणि मला खांद्यावर घेतलं. आरशात बघून मास्तर बायकोला म्हणाला, "ऐकलंस का, रफू केलंय पण कळत नाही." माझं एवढं कौतुक पुन्हा कुणी केलं नाही.

डॉक्टरबाईंनी एक खास दोरा आणि प्लास्टिकची सुई दिली होती. रोज माझ्या खालून दोरा ओवायचा आणि अडकलेलं अन्न काढायचं, एवढंच काम. जन्मभर सुईत दोरा ओवणाऱ्या माणसाला तेवढं जमलं नाही. "खोटा दात काय किडणार आहे?" म्हणायचा आणि गुळणी करून मोकळा व्हायचा. वर शिवणाचे दोरे माझ्यानेच तोडायचा. माझ्याखाली घाण साठली. वास इतका सुटला की मापं देताना गिऱ्हाइकं मान फिरवू लागली. आणि हा गल्लीभर सांगत सुटला, की बाईंनी ब्रिजच भिकार बसवला. मला पाय नाहीत, तरी तळपायाची आग मस्तकात गेली. याला चारचौघांत उघडा पाडायचा, असं मी ठरवलं. मला दातांना चिकटवून धरणारं टोप्यांमधलं सिमेंट झिजत होतं. झिजू दिलं आणि वाट पाहिली.

शेवटी मास्तर बायकोला घेऊन तावातावाने दवाखान्यात गेला. बाकांवर त्याचीच गिऱ्हाइकं बसलेली. दारातूनच तो गरजला, "बाई, तुम्ही मला फसव..." त्याच शब्दावर मी उडी घेतली आणि फरशीवर खणकन पडलो.

डॉक्टरबाईंनी मला चिमट्याने उचललं. माझ्या पोटाला निळ्या दोऱ्याचे कुजके तुकडे चिकटले होते. बायको वाकून म्हणाली, "हा तर आपलाच, गणवेश शिवायचा दोरा." बाकावरचं कुणीतरी हसलं. मास्तरची मान खाली गेली आणि माझा जीव थंड झाला.

मग डॉक्टरबाईंनी त्याच्या तोंडात पाहिलं. "ब्रिजला काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "पटाशीचा दात मात्र मुळापर्यंत किडलाय. तो काढावा लागेल. नवा ब्रिज हवा तर आता पलीकडचा धडधाकट दातही तासायचा."

ज्याने माझ्यासाठी अंग सोलून घेतलं, तोच गेला. मास्तर नुसता खजील झाला.

आता मी त्याच्या बटणांच्या डब्यात पडून आहे. एकाच तोंडाच्या मापाचा मी, दुसऱ्या कुणाच्या काय कामाचा? मित्रांनो, तुमच्या घरी कुणाच्या तोंडात माझा भाऊबंद असेल, तर रोज त्याच्या खालून दोरा फिरवायला सांगा. आम्ही किडत नाही, आम्हाला उचलून धरणारे किडतात.

मास्तर हल्ली कात्री वापरतो. दुकान बंद करण्याआधी आरशासमोर उभा राहतो आणि माझ्याहून लांब अशा नव्या ब्रिजखालून दोरा ओवतो, तलम कापडावर टीप घालावी तसा अगदी हळुवार. मी डब्यातून बघतो आणि अजून माझ्या अंगाचा तिळपापड होतो. तो दोरा माझा होता.