स्वातंत्र्य, घरपोच

देश मोडला त्या दुपारी केमिस्टबाई जलशुद्धीकरण केंद्राच्या फाटकात एका ट्रकवाल्याशी हुज्जत घालत होत्या. तुरटीची निम्मी पोती फाटकी निघाली होती, आणि ती परत नेल्याशिवाय पावतीवर सही मिळणार नाही, असं त्यांनी ठणकावलं होतं. तेवढ्यात ट्रकवाल्याचा फोन वाजला. त्याने 'हो, हो, बरं' केलं, फोन खिशात टाकला आणि म्हणाला, "बाई, पोती आता परत नाही नेता यायची. मी परदेशी झालो."

"म्हणजे?"

"देश संपला म्हणे. मी पलीकडच्या राज्यातला. आता मला इथे उभं राहायलासुद्धा परवाना लागेल, आणि तुम्ही माल परत न्यायचं काय घेऊन बसलात!"

सही न घेताच तो सुसाट निघून गेला.

देश कसा मोडला हे नंतर प्रत्येकाने आपापल्या परीने सांगितलं. थोडक्यात एवढंच, की राजधानीत एका सरकारची तीन सरकारं झाली, तिघांनीही आपणच खरे असल्याचं जाहीर केलं, आणि राज्यांनी कंटाळून आपापली दारं लावून घेतली. फुटलं कोणीच नाही. प्रत्येकाच्या मते बाकीचे फुटले. या राज्याच्या मुख्यमंत्र्यांनी संध्याकाळी टीव्हीवर येऊन स्वतःला राष्ट्रप्रमुख म्हणून घोषित केलं. समोरची पाटी घाईत रंगवलेली असावी, कारण 'राष्ट्रप्रमुख' मधला शेवटचा 'ख' कसाबसा काठावर लटकत होता.

"याला आमच्या गल्लीतला दिवा लावता आला नाही," सासूबाई म्हणाल्या, "आणि आता हा राष्ट्र चालवणार."

सासूबाई म्हणजे खरं तर माजी सासूबाई. केमिस्टबाईंचा घटस्फोट होऊन बरीच वर्षं झाली होती. नवरा नोकरीसाठी पलीकडच्या राज्यात गेला, तिथल्या क्लोरीनच्या कारखान्यात मोठा साहेब झाला. त्याची आई मात्र जागची हलली नाही. "घटस्फोट तुमचा झाला. माझं सामान कशाला हलवायचं?" असं म्हणून ती सुनेकडेच राहिली. दोघींचं पटायचं असं नाही, पण न पटण्याची दोघींना सवय झाली होती.

पुढच्याच आठवड्यात स्वयंपूर्णता समिती बसली. आपलं राज्य एकट्याच्या बळावर तगेल का, हा प्रश्न. समितीचे अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते आणि प्रत्येक खात्याला उभं करून तोच प्रश्न विचारत होते, साक्षीदाराला विचारावा तसा. राज्याकडे सिमेंटचे डोंगर होते आणि गल्लोगल्ली कॉलेजं होती. समुद्र नव्हता, त्यामुळे मीठसुद्धा बाहेरून यायचं. तरीही शेती खातं म्हणालं तगेल, उद्योग खातं म्हणालं नक्की तगेल, आणि क्रीडा खातं म्हणालं की आता आपला स्वतंत्र संघ पाठवता येईल.

केमिस्टबाईंची पाळी आली. त्या म्हणाल्या, "या महिनाअखेरपर्यंत तगेल."

"आणि मग?"

"मग क्लोरीन संपेल. नळाला पाणी येईल, पण ते प्यायलं की लोक आडवे होतील."

"पर्यायी व्यवस्था?"

"उकळून प्या म्हणून सांगता येईल. पण गॅसही बाहेरूनच येतो."

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुमचा सूर फार नकारात्मक आहे, बाई."

"सूर माझा आहे, साहेब. जुलाब सगळ्यांना होणार आहेत."

समितीत कुजबुज झाली. शेवटी एवढं ठरलं, की राज्य स्वबळावर तगू शकतं, फक्त त्यासाठी इतरांनी थोडी मदत करायला हवी. ही मदत मागायला परराष्ट्रमंत्र्यांना पाठवायचं. परराष्ट्रमंत्री परवापर्यंत पर्यटनमंत्री होते. ते तीनदा परदेशात जाऊन आले होते, हीच त्यांची पात्रता. तांत्रिक सल्ल्यासाठी सोबत केमिस्टबाई.

पलीकडून बोलणी कोण करणार, त्याचं नाव संध्याकाळी कळलं. केमिस्टबाईंनी ते वाचलं आणि पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

"माझा नवरा आहे हा," त्यांनी मंत्र्यांना फोनवर सांगितलं. "म्हणजे होता."

मंत्री हरखले. "अहो, मग प्रश्नच मिटला! आपलाच माणूस!"

"आपला असता तर सोडला असता का?"

घरी सासूबाईंनी बातमी ऐकून घेतली. "भांडू नकोस त्याच्याशी," त्या म्हणाल्या. मग जरा विचार करून म्हणाल्या, "भांड, पण काम झाल्यावर."

भेटीची जागा ठरवताना दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांनी घोळ घालून ठेवला. इकडे भेटायचं तर तिकडच्यांचा अपमान, तिकडे भेटायचं तर इकडच्यांचा. शेवटी सरहद्दीवरच्या फर्निचरच्या शोरूमवर एकमत झालं. शोरूमची इमारत या राज्यात होती आणि गाड्या लावायची जागा त्या राज्यात. मालकाने पूर्वी कर चुकवायला मुद्दाम तसं बांधलं होतं. आता तो आपोआप तटस्थ झाला होता. टेबलाच्या डोक्याशी कोणी बसायचं यावर वाद सुरू होताच त्याने गोल टेबल पुढे ढकललं. "घ्या. सहा खुर्च्यांसकट येतं."

त्या टेबलावर किमतीची चिठ्ठी लोंबत असतानाच दोन राष्ट्रांची बोलणी सुरू झाली.

केमिस्टबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. तो जाडसर झाला होता. त्याने मान हलवली, त्यांनीही हलवली. मग परराष्ट्रमंत्र्यांनी भाषण केलं. दोन शेजारी, एक नदी, शतकांची मैत्री वगैरे. पर्यटन खात्याची जुनी पुस्तिका असणार, कारण मध्येच धबधब्याला भेट द्यायचं आमंत्रण आलं.

भाषण संपल्यावर नवरा म्हणाला, "क्लोरीन देऊ. पण सिमेंट निम्म्या भावात, आणि सरहद्दीवरचा तलाव आमचा हे लिहून द्यायचं. आम्हाला घाई नाही. आमच्याकडे सगळं आहे."

"तलाव!" मंत्री उठलेच. "सार्वभौमत्वाचा प्रश्न आहे!"

"अहो, खुर्ची ओढू नका, लादी घासली जाते," शोरूमवाला लांबून ओरडला.

केमिस्टबाई बोलणं ऐकतच नव्हत्या. त्या नवऱ्याच्या शर्टाकडे बघत होत्या. या माणसाने लग्नाच्या दुसऱ्याच आठवड्यात कॉलरवरच्या फिकट डागावरून अबोला धरला होता. आज तीच कॉलर धुरकट, मळकट होती. त्यांनी त्याच्या शेजारच्या अधिकाऱ्याकडे पाहिलं. त्याचाही शर्ट तसाच. पलीकडचे सगळेच्या सगळे शर्ट जुन्या फडक्याच्या रंगाचे होते.

त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

चहाची सुट्टी झाली तेव्हा त्यांनी नवऱ्याला खुणेने बाजूला घेतलं. दोघं पलंगांच्या विभागात जाऊन उभे राहिले.

"कारखाना कधी बंद पडला?" त्यांनी विचारलं.

"कुठला कारखाना?"

"अरे, शर्ट बघ स्वतःचा. तुमच्याकडे साबणच उरलेला नाही."

नवऱ्याने कॉलर चाचपली. मग तो पलंगाच्या कडेवर बसला आणि एकदम दमल्यासारखा दिसला.

गोष्ट साधी होती, आणि दोघांनाही पाठ होती. मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की कॉस्टिक सोडा तयार होतो, आणि सोबत क्लोरीनही येतो, हवा असो वा नसो. तो भरून बाहेर पाठवता आला नाही, तर अख्खा कारखानाच थांबवावा लागतो. आणि कॉस्टिक थांबला की साबण थांबतो, कागद थांबतो. क्लोरीन भरायचे मोठाले लोखंडी सिलिंडर रिकामे होऊन केमिस्टबाईंच्या आवारात पडून होते. सरहद्द बंद झाल्यापासून एकही परत गेला नव्हता.

"दोन आठवडे झाले बंद ठेवून," नवरा म्हणाला. "सिलिंडर सगळे तुझ्या अंगणात. आमच्या राष्ट्रप्रमुखांना सांगितलं, तर म्हणतात, आधी तलाव मिळव."

"आमच्याकडे महिनाअखेरपर्यंतचा साठा आहे."

"एवढाच?"

"एवढाच."

लग्नाच्या सगळ्या वर्षांत इतकं खरं ते एकमेकांशी क्वचितच बोलले असतील.

"रिकामे ने, भरलेले दे," केमिस्टबाई म्हणाल्या. "तलाव, सिमेंट, कुणाचं काही नको."

"माझी हरकत नाही. पण सही कोण करणार? आमचे लोक तुमच्या राज्याला मानतच नाहीत. सही केली म्हणजे तुम्ही राष्ट्र आहात हे कबूल केल्यासारखं होतं."

"आमचंही तेच. मंत्री तर तुम्हाला अजून 'पलीकडचा भाग' म्हणतात."

"साहेब, पलंगाचं प्लास्टिक काढू नका," असं म्हणत शोरूमवाला जवळ आला. तो बराच वेळ कपाटामागे उभा असावा, कारण पुढचं वाक्य त्याने थेट मुद्द्यावर आणलं. "माल नुसता इकडून तिकडे जायचाय ना? मग राष्ट्रांना कशाला त्रास देता? माझे ट्रक रोज जातात."

"जवान अडवत नाहीत?"

"इकडच्या कर्नलचा सोफा माझ्याकडे बनतोय. तिकडच्याच्या मुलीचं लग्न आहे, कपाट माझ्याकडे. मला अडवून स्वतःचाच सोफा कोण अडकवून घेईल?"

नवरा केमिस्टबाईंकडे बघायला लागला. केमिस्टबाई म्हणाल्या, "क्लोरीन म्हणजे गादी नाही. बंद ट्रकमध्ये गळला तर ड्रायव्हर जागच्या जागी जाईल. उघडे ट्रक लागतील, खालून पाचरी लागतील, आणि तुमच्या कारखान्याचीच शिकलेली माणसं."

"ट्रक कारखान्याचे, माणसं कारखान्याची," शोरूमवाला म्हणाला. "पाटी तेवढी माझी."

टेबलावर परत आल्यावर परराष्ट्रमंत्र्यांना हे गळी उतरवायला वेळ लागला. त्यांनी करारासाठी सोनेरी टोकाचं पेन आणलं होतं. शेवटी नवऱ्यानेच त्यांना समजावलं, की करार न करणं हाच दोन्ही राष्ट्रांचा ठाम पवित्रा म्हणून जाहीर करता येईल. मंत्र्यांना ते पटलं. बाहेर पत्रकारांना त्यांनी सांगितलं, "आम्ही एक इंचही मागे हटलेलो नाही." पलीकडच्यांनीही पार्किंगमध्ये उभं राहून तेच सांगितलं.

पहिला ट्रक आला तेव्हा महिना संपत आला होता. त्याच्या दोन्ही बाजूंना 'स्वप्नातलं घर, आमचं फर्निचर' असं झोकात लिहिलं होतं. सोबतच्या कागदावर मालाचं वर्णन होतं: 'शोभेची वस्तू, लोखंडी, गोल. जोडणीची गरज नाही.' केमिस्टबाईंनी प्रत्येक झडपेजवळ अमोनियाचा बोळा फिरवून पाहिला. क्लोरीन गळत असेल तर पांढरा धूर दिसतो. तो दिसला नाही. सिलिंडर जोडला, काटा हलला, आणि केंद्रातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. केमिस्टबाईंनी त्यांना कामाला लागा म्हणून झापलं आणि मागच्या खोलीत जाऊन चेहऱ्यावर पाणी मारलं.

एकदा रस्ता सापडल्यावर सगळ्यांनीच तो धरला. हॉस्पिटलची औषधं 'खणांचं टेबल' म्हणून यायला लागली, मीठ 'गाद्यांचा भुसा' म्हणून. बदल्यात सिमेंट 'संगमरवरी टेबलटॉप' होऊन गेलं. शोरूमवाल्याने दोन्ही राज्यांच्या राष्ट्रप्रमुखांना सारखेच सोफे भेट दिले.

वर्षअखेरीस स्वयंपूर्णता समितीचा अहवाल आला. आपलं राज्य पूर्णपणे स्वबळावर तगलेलं आहे, असा तिचा एकमुखी निष्कर्ष होता. नागरिकांनी फर्निचरवरचा अवास्तव खर्च मात्र आवरावा, अशी एक शिफारस होती.

नवऱ्याने निरोप पाठवला, आईला काही दिवस पाठव. केमिस्टबाईंनी सासूबाईंना विचारलं. सासूबाई आधी नको म्हणाल्या, मग गाठोडं बांधायला लागल्या. ट्रकच्या केबिनमध्ये बसताना त्यांनी ड्रायव्हरच्या हातातला कागद मागून घेतला. त्यावर लिहिलं होतं: 'आरामखुर्ची, जुनी, नाजूक.'

"नाजूक ठीक आहे," त्या म्हणाल्या. "जुनी खोड आधी."

ड्रायव्हरने खोडलं. ट्रक गेला.

सासूबाई नसताना घर फारच नीटनेटकं राहायला लागलं. वस्तू जिथे ठेवल्या तिथेच सापडायच्या. केमिस्टबाई ड्यूटीवरून यायच्या, उभ्यानेच जेवायच्या, आणि दार वाजलं असं वाटून दोनदा उठायच्या. चौकशी करायची तर फोन लागत नव्हता. दोन्ही राष्ट्रांनी एकमेकांच्या फोनवर बंदी घातली होती.

मग एका सकाळी ट्रक दारात थांबला. सासूबाई उतरल्या, ड्रायव्हरला दोन सूचना देऊन मोकळ्या झाल्या आणि खुर्चीत बसल्या.

"लग्न करतोय तो," त्या म्हणाल्या.

केमिस्टबाई समोर बसल्या. "कोण आहे?"

"कारखान्यातलीच आहे. मुलगी चांगली आहे. फार बोलते, पण त्याला तसंच कोणीतरी हवं."

"मग तुम्ही? तिकडे राहणार का, आई? हे सांगायलाच आलात ना?"

सासूबाईंनी चप्पल पायाने ढकलून कोपऱ्यात सारली. "वेडी आहेस का तू? मला आता दोन सुना झाल्या. एक घरची, एक परदेशातली. लोकांना एक सांभाळायला मिळत नाही."

"लग्नाला जाणार असाल ना?"

"दोघी जाऊ. तुझ्या नावाने ड्रेसिंग टेबल बुक करून आलेय. जाऊन-येऊन."

केमिस्टबाई हसल्या. हसता हसता डोळे पुसले, आणि चहाचं आधण ठेवायला आत गेल्या.