१४२८५७ची भ्रांत

मी एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न बोलतेय. नाव एवढं लांब, पण मी नेमकी कोण, ते मला धड सांगता येत नाही.

रत्नागिरीत मी उमटले ती १९२८च्या उन्हाळ्यात, रावजी मास्तरांच्या पाटीवर. घरात एक फणस आला होता आणि वाडीत घरं सात. मास्तर गंमत म्हणून एकाला सातांनी भागत बसले. दशांश चिन्हापुढे एक, चार, दोन, आठ, पाच, सात आले आणि पुन्हा एक, चार, दोन... भागाकार संपेचना. मी कुठे सुरू होते नि कुठे संपते, मलाच कळेना.

मास्तरांनी बायकोला हाक मारली. विमलाताईंना ते रोज दुपारी गणित शिकवत. मला दोनाने गुणलं तर २८५७१४, तिनाने ४२८५७१.

"अगो बाई, आकडे तेच की!" विमलाताई म्हणाल्या. "नुसती फुगडी घालतायत."

सहापर्यंत तसंच. साताने गुणलं, आणि सगळे नऊच नऊ! मी गेले कुठे? ती दोघं हसत होती, मी भांबावले होते.

सहा वर्षांनी मास्तरांना विषमज्वर झाला. ताप उतरला, पण माणसं पुसली गेली. "बाई, आपण कोण?" त्यांनी विमलाताईंना विचारलं. नोकरी गेली. धाकटा भाऊ काशीराम गिरणीतून रजा काढून आला.

"वयनी, दादा तुम्हाला वळखीत नाय. मी त्याला मुंबयला नेतो. तुम्ही म्हायेरी जावा."

विमलाताई उठून पाटी घेऊन आल्या. त्यांनी तिच्यावर मला लिहिलं आणि नवऱ्यापुढे ठेवलं.

मास्तर बघत राहिले. 'तू कोण?' असं विचारलं असतं, तर मी तरी काय सांगणार होते? पण पेन्सिल हलली. २८५७१४. मग ४२८५७१. तिथे हात अडला. पुढची ओळ विमलाताईंनी लिहिली: ५७१४२८.

"बरोबर! तुम्हाला गणित कुणी शिकवलं, बाई?"

"तुम्हीच."

मास्तर गोंधळले. खूप आठवून पाहिलं, आठवेना. मग म्हणाले, "मग अर्धवट का सोडलंत? उद्यापासून येत जा."

काशीराम मुंबईच्या बोटीत एकटाच बसला.

याला आता तीन वर्षं झाली. विमलाताई दुपारी पदर सारखा करून स्वतःच्याच ओटीवर शिकवणीला येतात. मास्तर मला नव्याने शोधून दाखवतात, आणि त्या चकित होतात. ते खरं की उगाच, मला कळत नाही.

काल पाटी पुसताना मास्तर म्हणाले, "बाई, उद्या जरा लवकर याल? तुम्ही नसलात की घर खायला उठतं."

"येईन," म्हणून विमलाताई आत चूल पेटवायला गेल्या.

याला ओळख म्हणायचं की नाही? मला उमगत नाही. तुम्हाला उमगलं, तर मला जरूर सांगा.