नागपूरले जाऊन राहिलो

उजव्या हाताला तीन बोटे.

दोन पुरुष उंच भिंत.

विमानात पायांत बेडी, मांडीवर सफरचंद.

साताऱ्याकडचा फौजदार.

आता हे सगळे जोडून सांगतो.

नागपूरकडच्या गोरेगावच्या धनेंद्रने अंजूशी लग्न केले, म्हणून तिच्या भावांनी त्याची दोन बोटे तोडली. अमेरिकेत आसरा मागायला तो निघाला. पाठवणारा एजंट फुलचूरचा प्रफुल. "सरहद्दीच्या फाटकावर जाशील तं तेथूनच हाकलतील. भिंतीवरून उतर. अन् मुलाखतीत हिंदी नोको बोलू, मराठी बोल."

तिकडचा अधिकारी म्हणाला, भिंत ओलांडणे गुन्हा, आसरा मागणे गुन्हा नाही. पण भिंतीवरून आलेल्याची मुलाखत कोठडीतून, फोनवर. दुभाषी बाई पुण्याच्या. अधिकाऱ्याने विचारले, भावांची धमकी आल्यावर काय केलेस?

"नागपूरले जाऊन राहिलो होतो..."

त्याच्या बोलीत म्हणजे जात होतो. पुढचे "तं रस्त्यातच गाठलं" फोनच्या खरखरीत गेले. बाईंनी सांगितले, हा नागपूरला जाऊन राहिला होता. अधिकाऱ्याने लिहिले, नागपुरात सुखरूप राहू शकतो. परत पाठवा. पायांत बेडी घालून त्याला विमानात बसवले, खायला एक सफरचंद.

"फुकट जहाजात बसून आला ना बे!" प्रफुल चारचौघांत हसला. धनेंद्रने राग गिळला नाही, जपून ठेवला.

मग प्रफुलच्याच दुसऱ्या गिऱ्हाइकाचे, हिमांशूचे प्रकरण निघाले. ऐनवेळी अमेरिकेला जायला नाही म्हणाला, म्हणून प्रफुलच्या माणसांनी त्याला कोहमाऱ्याच्या ढाब्यामागे कोंडून मारहाण केली होती. प्रफुल तेव्हा पोचलाच नव्हता, वाटेत होता. त्याला वाटेत पाहिलेला साक्षीदार एकटा धनेंद्र.

"भाऊ, खरं हाय तेच सांग," प्रफुलने हात जोडले.

"खरंच सांगतो. कायले भिऊन राहिला?"

ठाण्यात साताऱ्याकडून आलेल्या फौजदाराने विचारले, "मारहाणीच्या वेळी प्रफुल कुठे होता?"

"कोहमाऱ्याले येऊन राहिला होता."

बाकावर बसलेल्या प्रफुलने मान डोलावली. येत होता, बरोबर.

फौजदाराने लिहिलेले वाचून दाखवले, "प्रफुल कोहमाऱ्याला येऊन राहिला होता. असंच ना?"

"एक अक्षर इकडचं तिकडं नाही, साहेब."

फौजदाराने समासात आणखी एक शब्द लिहिला: मुक्काम. तीन बोटांत पेन धरून धनेंद्रने सावकाश, पूर्ण नावाची सही केली. प्रफुल घरी जायला उठला, तेव्हा शिपाई दारात आडवा झाला.

"अबे, समजव ना साहेबाले!" प्रफुल ओरडला.

"मराठीतच तं बोललो," धनेंद्र म्हणाला.

भिंतीपासून फाटक दोन किलोमीटरवर होते, आणि धनेंद्र भिंतीवरून उतरला त्या दिवशी तिथे आसऱ्याचे अर्ज घेत होते.