नखभर फट

शाळेची छत्तीस तावदानं बसवून काचवाल्याच्या पाठीचा पार भुगा झाला होता. आणि मदत-कार्यालयाचा परदेशी साहेब आता एकेका तावदानावर बोट आपटून बघत होता. खडखड वाजलं की हातातल्या कागदावर फुली. म्हणूनच लोक त्याला फुलीसाहेब म्हणायचे. छत्तीस तावदानं, छत्तीस फुल्या.

"काय म्हणतोय हा?" काचवाल्याने दुभाष्याला विचारलं.

"काचा सैल आहेत. पुट्टी भरून घट्ट बसवा, नाहीतर शाळा नापास."

"वा! पोरांची परीक्षा राहिली बाजूला, शाळाच आधी नापास!"

दुभाष्याने याचं भाषांतर केलं नाही. त्याला पगार गप्प बसण्याचाच मिळत होता.

सैल काच ही काचवाल्याची चूक नव्हती, अक्कल होती. लढाईच्या पहिल्या वर्षी त्याने घट्ट काचा बसवल्या आणि प्रत्येक स्फोटाला त्या लोकांच्या अंथरुणात पडल्या. मग त्याने सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून चौकटीत घातल्या, नखभर फट सोडली. हादरा बसला की काच म्हाताऱ्याच्या कवळीसारखी वाजायची, पण फुटायची नाही.

धाकटी बहीण शाळेची मुख्याध्यापिका. तिने त्याला कोपऱ्यात घेतलं. "दादा, मुकाट्याने पुट्टी भर. सोमवारपर्यंत सही झाली नाही तर इमारत यांच्या फौजेच्या गोदामाला जाणार. दोन वर्षं पोरं माझ्या स्वयंपाकघरात पाढे म्हणतायत."

"आणि घट्ट काच फुटून पोरांच्या डोळ्यात गेली म्हणजे?"

"काच दिली कोणी? हे परदेशी यायच्या आधी तू खिडक्यांना पुठ्ठे ठोकत होतास. नाक्यावरचा गोळीबार थांबला, तोही यांच्यामुळेच."

हे खरं होतं, आणि काचवाल्याचा संताप नेमका तिथेच होता. सगळंच वाईट असतं तर मनसोक्त शिव्या तरी घालता आल्या असत्या.

"काच झकास आहे गं. पण आता फोडतंय कोण? यांचंच हेलिकॉप्टर! छपरावरून असं जातं, जसं काही यांच्या बापाचं छप्पर."

त्याने पुट्टीला हात लावला नाही. बहीण दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

शनिवारी फौजेचा बडा अधिकारी शाळा बघायला आला. चालत नाही, उडत. हेलिकॉप्टर शाळेच्या मैदानात उतरलं आणि शेजारच्या मदत-कार्यालयाच्या, नियमाप्रमाणे पुट्टी भरलेल्या, झाडून सगळ्या काचा खळ्ळकन खाली आल्या. फुलीसाहेब केसांतले तुकडे झटकत बाहेर धावला. शाळेची छत्तीस तावदानं तेवढी खडखड वाजत होती. एकालाही तडा नाही.

काचवाला मांडीवर थाप मारून हसला. "दात नंतर काढ," बहीण म्हणाली, "आधी सही घे."

फुलीसाहेबाने खिडक्यांचे फोटो काढले, ट्यूबची पट्टी चिमटीत धरून पाहिली आणि बराच वेळ बोलला.

"साहेब खूश आहेत," दुभाष्या म्हणाला. "पण ही पद्धत वापरायला प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं, सही त्यानंतरच. उद्या शिबिर आहे. बाहेरून तज्ज्ञ येतोय."

"तो कुठे शिकला?"

"फोटो पाठवलेत ना आत्ता."

काचवाल्याच्या तोंडात शिवी तयार होती. त्याने बहिणीकडे पाहिलं. तिने हात जोडलेले नव्हते, पण जोडायच्या बेतात होती. शिवी गिळून तो रविवारी शिबिराला गेला.

गळ्यात नावाची पाटी अडकवून त्याला पहिल्या रांगेत बसवलं. तज्ज्ञाचे हात गुळगुळीत, काचेने कधीच न कापलेले. त्याने चौकटीत पट्टी घातली आणि फट सोडली चांगली दोन बोटं. काच सरकली. पडू दिली असती तर शिबिराची शोभा झाली असती. काचवाल्याच्या मनात तसं आलंही. पण हात त्याच्या आधीच धावले. त्याने काच अधांतरी झेलली, तज्ज्ञाला खांद्याने बाजूला सारलं, पट्टी नीट दाबली आणि जागेवर येऊन बसला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

सोमवारी सकाळी सही झाली. पोरं आरडाओरडा करत वर्गात घुसली. बहिणीने त्याचं प्रमाणपत्र वाचलं. खाली लिहिलं होतं: श्रेणी मध्यम, सुधारणेला वाव.

"जपून ठेव दादा," ती म्हणाली. "पुढच्या लढाईत नोकरीसाठी लागेल."